लहान मुलासाठी पलंग कोणता निवडावा? गोव्यातील पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक ते चार वर्षांच्या मुलासाठी पलंग निवडताना गोव्यातील पालकांपुढे दोन परस्परविरोधी गरजा उभ्या राहतात. मूल झोपेत पडले तरी लागू नये यासाठी झोपण्याची जागा जमिनीच्या जितकी जवळ तितकी चांगली; आणि पावसाळ्यात फरशीला सुटणारा ओलावा, मुंग्या व गोमी लक्षात घेता ती जमिनीपासून जितकी वर तितकी चांगली. पुढील उत्तरांपैकी बरीचशी या दोहोंचा मेळ कसा घालावा याविषयीच आहेत.

मुलाला पाळण्यातून किंवा कठड्याच्या कॉटमधून पलंगावर केव्हा आणावे?

बहुतेक मुले दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान पलंगावर झोपू लागतात. परंतु वयापेक्षा मुलाची उंची आणि हालचाल पाहणे अधिक उपयोगाचे असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा आहे की मूल ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर उंच झाले, किंवा कॉटच्या कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊणपटीहून कमी भरू लागली, की कॉट बंद करावी. त्याआधीच मूल कठड्यावर पाय टाकून बाहेर येऊ लागले असेल, तर उंचीची वाट पाहू नये. कठड्यावरून डोक्यावर पडण्यापेक्षा बुटक्या पलंगावरून लोळत खाली येणे कितीतरी कमी धोक्याचे असते.

याउलट मूल कॉटमध्ये सुखाने झोपत असेल आणि चढण्याचा प्रयत्न करीत नसेल, तर घाई करण्याचे काहीच कारण नाही. शेजारच्या घरी पलंग आला, म्हणून आपल्याकडेही तो आलाच पाहिजे असे नाही. घरात दुसरे बाळ येणार असेल आणि कॉट त्याच्यासाठी हवी असेल, तर हा बदल बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधी तरी करावा, अन्यथा बाळ घरात रुळेपर्यंत थांबावे. नव्या बाळामुळे आपली जागा गेली, अशी मोठ्याची समजूत होता कामा नये.

बारशाच्या पाळण्याचा आणि झोळीचा येथे विचार केलेला नाही, कारण त्यांचा काळ फार लवकर संपतो. मूल हातांवर जोर देऊन उठू लागले किंवा बसू लागले, की टांगलेला पाळणा बंद करावा.

बाजारात कोणकोणते प्रकार मिळतात आणि त्यांत फरक काय?

पहिला प्रकार म्हणजे जिची एक बाजू काढून ठेवता येते अशी कॉट. त्याच गादीवर, त्याच कोपऱ्यात मूल झोपत राहते आणि फक्त एक बाजू मोकळी होते, त्यामुळे मुलाला बदल जाणवत नाही. आपल्याकडे अशी कॉट आधीपासून असेल, तर दुसरे काही विकत घेण्यापूर्वी हीच युक्ती करून पाहावी.

दुसरा प्रकार टॉडलर बेड या नावाने विकला जातो. तो साधारणपणे कॉटच्याच गादीच्या मापाचा, म्हणजे सुमारे ५२ इंच लांब आणि २८ इंच रुंद असतो. जमिनीपासून बुटका असतो आणि त्याला दोन्ही बाजूंना छोटे कठडे असतात. अमेरिकी मानकानुसार तो १५ महिन्यांपुढील आणि ५० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेबावीस किलोपर्यंतच्या मुलांसाठी असतो. मुलाला तो स्वतःचा वाटतो, हा त्याचा गुण. दोन-तीन वर्षांत तो अपुरा पडतो, हा दोष. मोटारगाडीच्या किंवा राजवाड्याच्या आकाराचे पलंग याच वर्गातले होत. त्यांच्या उठावाच्या नक्षीत धूळ आणि बुरशी बसते, आणि मुलाची आवड पलंगाच्या लाकडाआधी बदलते.

तिसरा प्रकार म्हणजे नेहमीचा एकेरी पलंग, ७२ इंच लांब व ३६ इंच रुंद, त्याला काढता येण्याजोगा कठडा लावलेला. मूल दोन वर्षांच्या पुढे असेल आणि खोलीत जागा असेल, तर माझे मत याच पर्यायाच्या बाजूने आहे, मात्र त्याचे पाय कमी उंचीचे हवेत. हाच पलंग शाळा संपेपर्यंत पुरतो आणि मधल्या काळात मूल आजारी असताना आई किंवा आजी त्याच्याशेजारी आडवी होऊ शकते. टॉडलर बेडवर हे शक्य नसते, आणि तापाच्या रात्री याचे मोल कळते.

सरळ जमिनीवर गादी घातली तर चालणार नाही का?

पडण्याच्या दृष्टीने पाहिले तर यापेक्षा सुरक्षित व्यवस्था नाही, आणि आपल्या घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नोव्हेंबर ते मे या काळात ती निःशंकपणे करावी. अडचण पावसाळ्याची आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, तळमजल्याची फरशी गार पडून तिच्यावर दव साचल्यासारखे पाणी सुटते, आणि मुलाच्या शरीराच्या उबेमुळे गादीत जिरलेली वाफ खालून बाहेर पडायला वाट मिळत नाही. चार-आठ दिवसांत गादीची खालची बाजू उलटून पाहिल्यास काळे-हिरवट ठिपके दिसतात. आमच्या घरी हे ठिपके दिसले तेव्हा गादी जेमतेम सहा महिन्यांची होती, आणि त्या काळातला मुलीचा खोकला आम्ही निव्वळ सर्दीचा समजत होतो.

बुरशीखेरीज धुळीतले सूक्ष्म किडे दमट गादीत जोमाने वाढतात आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांना त्यांचा त्रास होतो. शिवाय पावसात बिळे पाण्याने भरली की गोमी, विंचू आणि क्वचित सापही कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. बागायतीलगतच्या, जुन्या कौलारू घरांतून हा धोका विशेष असतो. पणजी किंवा मडगावातील वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये तो कमी, परंतु ओलावा तेथेही असतोच.

जमिनीवरच झोपवायचे असेल, तर गादीखाली पट्ट्यापट्ट्यांची लाकडी चौकट घालावी, जिच्यातून हवा खेळेल. गादी रोज सकाळी भिंतीला उभी टेकवून ठेवावी. रबरी किंवा प्लास्टिकची चटई थेट फरशीवर पसरून तिच्यावर गादी घातल्याने ओलावा थांबतो असा समज आहे. प्रत्यक्षात गादीतून उतरणारी वाफ त्या चटईवर अडकून राहते.

पलंगाची उंची किती असावी?

झोपण्याचा पृष्ठभाग, म्हणजे गादीचा वरचा भाग, मुलाच्या गुडघ्याच्या आसपास यावा. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही उंची साधारण एक वीत ते फूटभर भरते. मूल स्वतः पाय टेकून उतरू शकते, पडले तरी सहसा दचकण्यापलीकडे काही होत नाही, आणि पलंगाखालून हवा खेळते व केरसुणीही फिरते. केरसुणी न पोहोचणारा पलंग गोव्यात घेऊ नये. खालचे खण बंद असलेले, जमिनीला टेकलेले पलंग जागा वाचवतात खरे, पण पावसाळ्यात त्या खणांत ठेवलेल्या कपड्यांना वास येऊ लागतो.

मूल पडल्यानंतर ते लगेच रडले, शांत झाले आणि खेळू लागले, तर लक्ष ठेवणे पुरेसे असते. शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, जागे न होण्याइतकी झोप येणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

कठडा हवाच का? कोणता घ्यावा?

गुडघ्याइतक्या बुटक्या पलंगाला पहिल्या काही महिन्यांपुरता कठडा पुरतो. नंतर मूल झोपेतही कडेचा अंदाज घ्यायला शिकते. कठडा गादीच्या वरच्या पातळीपासून किमान ५ इंच वर यायला हवा. येथे एक चूक सर्रास होते: पलंग ४ इंचांच्या गादीच्या हिशेबाने केलेला असतो, पुढे कोणीतरी प्रेमाने ८ इंचांची मऊ गादी आणतो, आणि कठड्याचा निम्मा उपयोग तेथेच संपतो.

बाजारात मिळणारे कापडी जाळीचे, गादीखाली सरकवून बसवायचे कठडे दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असतात आणि तेही स्वतः पलंगावर चढू-उतरू शकणाऱ्या मुलांसाठीच. दोन वर्षांखालील मुलासाठी ते वापरू नयेत, कारण कठडा बाहेरच्या बाजूला सरकून गादी आणि कठडा यांच्यामध्ये जी खाच तयार होते, तिच्यात लहान मूल अडकते व त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. लोड, तक्के किंवा गुंडाळलेली गोधडी कडेला लावण्याची आपल्याकडची पद्धत दिलासा देणारी असली, तरी चपळ मूल त्यावर पाय देऊन पलीकडे उतरते, म्हणून तिला कठडा समजू नये.

फटींविषयी एवढे का सांगितले जाते?

पडण्यामुळे होणारी इजा दिसते, रडू येते आणि आपण धावतो. फटीत अडकलेले मूल आवाज करीलच असे नसते. म्हणून हा मुद्दा उंचीपेक्षाही महत्त्वाचा मानावा.

गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक जागा नसावी. गादी एका कोपऱ्यात ढकलून समोरच्या कोपऱ्यात बोटे घालून पाहावे, मध्यभागी पाहून भागत नाही. कॉटच्या उभ्या दांड्यांमधील अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, हे अमेरिकी मानकातले माप आहे. घरगुती कसोटी अशी की थंड पेयाचा डबा त्या दांड्यांमधून आरपार जाऊ नये. मोठ्या पलंगाच्या कठड्यातील किंवा डोक्याकडच्या फळीतील मोकळी जागा साडेतीन इंचांहून कमी हवी, कारण त्याहून मोठ्या जागेतून मुलाचे धड निसटते आणि डोके अडकते.

पलंग भिंतीला लावला की एक बाजू सुरक्षित झाली, असे सर्वांना वाटते. मलाही वाटत असे. पण गुळगुळीत टाइलवर पलंगाचे पाय रोज थोडेथोडे सरकतात आणि महिनाभरात भिंतीकडे चांगली हातभर नसली तरी चार बोटांची घळ तयार होते. एका दुपारी आमची मुलगी त्या घळीत कमरेपर्यंत उतरून शांतपणे बसलेली सापडली. त्यानंतर आम्ही पलंग भिंतीपासून फूटभर दूर घेतला आणि दोन्ही बाजूंना कठडा लावला. पलंग एकतर भिंतीला पट्टीने घट्ट जोडावा, नाहीतर मुलाला सहज बाहेर येता येईल इतका लांब ठेवावा.

गोव्याच्या हवेत कोणते लाकूड टिकते?

सागवान सर्वांत भरवशाचे आहे, कारण त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी आणि ओलावा दोन्हींना ते तोंड देते. ते महाग असले, तरी लहान पलंगाला लाकूड फार लागत नाही. घरच्या बागायतीतला फणस पडला असेल आणि त्याच्या फळ्या नीट वाळवून ठेवल्या असतील, तर त्यासारखे दुसरे काही नाही; फणसाचे लाकूड टिकाऊ, कामाला सोपे आणि काळाबरोबर पिवळ्याचे तपकिरी होत जाणारे असते. मत्ती, म्हणजे घाटावरचे लोक ज्याला ऐन म्हणतात तो वृक्ष, बळकट आहे, परंतु नीट न वाळवल्यास त्याला चिरा पडतात आणि चिरांतून कुसळे निघतात. ज्या पलंगावरून मूल हात फिरवणार आहे, त्याला हे परवडत नाही. आंब्याचे लाकूड स्वस्त असते, पण त्याला लवकर कीड लागते. पलंगाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली, तर ती धूळ नव्हे.

तयार पलंगांत एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. ओलाव्याने त्यांच्या कडा फुगतात, स्क्रू धरीनासे होतात आणि कठडा एके दिवशी हातात येतो. प्लायवूड घ्यायचे असेल तर फळीवरील शिक्का पाहावा: आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे भारतीय मानक आहे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायचे, म्हणजे पाण्याला अधिक तोंड देणाऱ्या प्लायवूडचे. बार्देश, तिसवाडी किंवा सालसेतच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी लोखंडी पलंगाच्या बाबतीत सावध राहावे, कारण खाऱ्या वाऱ्याने वेल्डिंगच्या जागी गंज धरतो आणि रंगाचे पोपडे मूल तोंडात घालते. स्क्रू आणि बिजागऱ्यासुद्धा स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या घ्याव्यात.

रंग आणि पॉलिश यांबाबत काय पाहावे?

या वयाची मुले कठडा चावतात, त्यामुळे वरच्या थराला महत्त्व आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे, असा नियम २०१६ साली अधिसूचित होऊन पुढील वर्षापासून लागू झाला. रंगाच्या डब्यावर तशी नोंद असते. नवे पॉलिश किंवा रंग वासरहित होईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन आठवडे, पलंग उघड्या वसरीत ठेवावा आणि शक्यतो हे काम मे महिन्याच्या आत उरकावे. पावसात पॉलिश सुकत नाही, चिकटच राहते. वाळवीची औषधे मुलाच्या पलंगाला लावू नयेत.

घरात पणजीआजीच्या काळचा शिसवी पलंग आहे. तो मुलाला दिला तर?

हा प्रश्न गोव्यात हटकून येतो, आणि उत्तर देताना मन कचरते, कारण असे पलंग आता कोणी करीत नाही. तरीही तीन-चार वर्षांच्या आतील मुलाला एकट्याने त्यावर झोपवू नये. हे पलंग मोठ्या माणसाच्या कमरेच्या जवळपास उंच असतात. डोक्याकडच्या नक्षीदार जाळीतील भोके मुलाचा हात किंवा डोके अडकण्याइतकी असू शकतात. पूर्वी कधी त्यावर रंग दिला असेल, तर त्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरावी आणि तो खरवडण्याचे काम मूल घरात असताना करू नये.

कोपऱ्यांच्या खांबांचे गणित थोडे वेगळे आहे. मच्छरदाणी बांधण्यासाठीचे उंच खांब तुलनेने कमी धोक्याचे; खरा धोका असतो तो वीतभर वर आलेल्या, टोकाला कळस असलेल्या खांबांचा, ज्यात मुलाच्या अंगरख्याचा गळा किंवा गळ्यातली दोरी अडकते. मुलाच्या पलंगाचे कोपरे एकतर चौकटीच्या बरोबरीने सपाट असावेत किंवा मुलाच्या आवाक्याबाहेर उंच. याच कारणासाठी झोपताना गळ्यातील साखळी किंवा ताईत काढून ठेवावा.

जुनी कॉट वापरायची असेल आणि तिची एक बाजू वरखाली सरकणारी असेल, तर ती वापरू नये. अशा कॉटची बाजू निखळून तयार झालेल्या फटीत अर्भके दगावल्यामुळे अमेरिकेत जून २०११ पासून त्यांची विक्रीच बंद करण्यात आली.

गादी कापसाची चांगली, काथ्याची की फोमची?

मुलाची गादी घट्ट असावी, एवढे पहिले. हाताचा तळवा दाबून उचलल्यावर खड्डा राहता कामा नये. कापसाची गादी थंड आणि अंगाला सुखकर असते, परंतु तिला वरचेवर ऊन लागते, आणि जून ते सप्टेंबर ऊन आणायचे कोठून? शिवाय तिच्यात गोळे होतात आणि पिंजून देणारा पिंजारी आता सहजी भेटत नाही. सावरीच्या कापसाची गादी फारच मऊ. ती थोरांनाच ठेवावी. रबराचे पाणी दिलेल्या काथ्याची चार इंचांची गादी आपल्या हवेला सर्वांत मानवते, कारण तिच्यातून वारा जातो आणि ती दबत नाही. फोमची गादी हलकी व स्वच्छ असते, पण एप्रिल-मे मध्ये मुलाची पाठ घामाने भिजते. मेमरी फोम या वयात नको.

खोळ दोन असाव्यात, आणि दोन्ही गरम पाण्यात धुता येतील अशा. ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धूळकिडे मरतात. गादीला पट्ट्यांचा आधार असेल तर पट्ट्यांमधील अंतर तीन बोटांहून अधिक नसावे.

मूल रात्री अंथरूण ओले करते. गादी कशी वाचवावी?

पाच वर्षांपर्यंत हे अगदी स्वाभाविक आहे. चादरीखाली कडांना रबरपट्टी असलेले जलरोधक आच्छादन घालावे, ज्याचा वरचा थर सुती असतो. सुटे मेणकापड सरकते आणि गोळा होऊन मुलाच्या तोंडाशी येते.

उशी आणि पांघरूण केव्हापासून द्यावे?

पहिल्या वर्षी नाहीच. त्यानंतर, शक्यतो दीड-दोन वर्षांपासून, लहान, पातळ आणि घट्ट उशी चालते. न मागणाऱ्या मुलाला ती देण्याची गरज नाही. पांघरुणासाठी जुन्या सुती साडीची पातळ गोधडी गोव्याच्या हवेला पुरते.

मच्छरदाणी कशी लावावी?

डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. त्यामुळे मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी, फक्त रात्रीच्या नव्हे. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी हालचाल न करणाऱ्या तान्ह्या बाळापुरतीच असते. चालणारे मूल ती अंगावर ओढून घेते. पलंगाच्या मापाची, छताला किंवा चार उंच खांबांना घट्ट ताणलेली आणि गादीखाली पूर्णपणे खोचलेली मच्छरदाणी घ्यावी. तिच्या लोंबत्या दोऱ्या मुलाच्या हाती लागणार नाहीत अशा आखूड कराव्यात. त्याहून उत्तम उपाय म्हणजे खिडक्यांनाच जाळी बसवणे. मुलाच्या पलंगाभोवतीचा गुंता त्यामुळे मुळातच टळतो.

मुंग्या चढू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. पलंगाच्या बाबतीत ती अनुसरू नये, कारण वाटीभर साचलेल्या पाण्यातही एडिस अंडी घालतो.

मूल आमच्याच पलंगावर झोपते. त्याला वेगळा पलंग हवाच का?

वर्षाच्या आतील बाळासाठी वेगळा पृष्ठभाग, पण आईवडिलांच्याच खोलीत, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे आणि तो पाळावा. त्यापुढच्या मुलाच्या बाबतीत हा घराघराचा प्रश्न आहे. आपल्याकडे तीन-चार वर्षांचे मूल आजीच्या कुशीत झोपते, यात काही गैर नाही. मात्र अडचण मोठ्या पलंगाच्या उंचीची असते, कारण मूल आपल्याआधी झोपते आणि दोन तास त्या उंच पलंगावर एकटेच असते. मोठ्या पलंगाला लागून, त्याच खोलीत बुटका पलंग ठेवला तर दोन्ही साधते. मधली फट मात्र मागे सांगितल्याप्रमाणे तपासावी.

दोन मुले आहेत. बंक बेड घ्यावा का?

वरच्या बर्थवर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये. आपल्या खोल्यांतून छताचा पंखा हा आणखी एक धोका असतो: वरच्या बर्थवर उभे राहिलेल्या मुलाचा हात पात्यांपर्यंत पोहोचू शकतो. लहान मुलासाठी पलंग हवा असेल, तर मोठ्या पलंगाखालून सरकत बाहेर येणारा बुटका पलंग हा अधिक शहाणपणाचा पर्याय आहे.

पलंग खोलीत कोठे ठेवावा?

खिडकीखाली नको. जुन्या घरांच्या खिडक्या रुंद कट्ट्याच्या आणि पुष्कळदा गजांविना असतात, आणि मुलाला पलंग ही त्या कट्ट्याची पायरी वाटते. पावसाची झड आत येते ती वेगळीच. पंख्याच्या बरोबर खाली, एसीच्या झोतात, पडद्याच्या दोऱ्यांजवळ किंवा विजेच्या बोर्डाला लागून पलंग ठेवू नये. बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीपेक्षा आतली भिंत बरी. खोलीतील कपाट व खणांचे टेबल भिंतीला पट्टीने जोडून घ्यावे, कारण मोकळे झालेले मूल पहाटे उठून खण उघडते आणि त्यावर चढते.

मूल रात्री पलंगावरून उठून घरभर फिरते. काय करावे?

पलंग बदलल्यावर पहिले काही आठवडे असे होतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी असते. झोपेची वेळ व त्याआधीचा क्रम ठरलेला असावा. मूल उठून आले, तर फार न बोलता त्याला पुन्हा पुन्हा परत नेऊन झोपवावे. रागावणे आणि गप्पा मारणे या दोन्हींनी ते अधिक जागे होते.

परंतु खरी काळजी घराची घ्यावी. कॉट होती तोवर मूल सकाळी आपली वाट पाहत असे. आता ते आपल्याआधी स्वयंपाकघरात, जिन्यावर किंवा बाल्कनीत असू शकते. फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराला वरची कडी हवी. स्वतंत्र घरात राजांगणाच्या, म्हणजे मधल्या चौकाच्या, आणि परसाच्या दारांनाही ती हवी, विशेषतः जेथे मागे विहीर आहे. पावसात वीज जाते, म्हणून मुलाच्या पलंगापासून आपल्या पलंगापर्यंत बॅटरीवर चालणारा मंद दिवा असावा.

चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी गेल्यावर मूल कोठे झोपवावे?

त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते, मोठे पलंग वडीलधाऱ्यांना जातात आणि मुलांची झोप चटयांवर होते. मुलाला तेच सर्वांत आवडते आणि चार-पाच रात्रींसाठी ते योग्यही आहे. अंथरूण संध्याकाळी न घालता झोपायच्या वेळी झटकून घालावे, भिंतीपासून थोडे सोडून घालावे आणि मच्छरदाणी सोबत न्यावी. नवख्या उंच पलंगावर मुलाला मधोमध झोपवून सर्वांनी आरतीला जाणे मात्र टाळावे.

मेस्ताकडून (सुताराकडून) पलंग करून घेताना काय सांगावे?

गोव्यात अजूनही हा पर्याय उपलब्ध आहे आणि तयार पलंगापेक्षा तो बहुधा स्वस्तही पडतो. आधी गादी आणावी आणि ती मेस्ताच्या पुढ्यात ठेवून मग चौकटीचे माप घ्यायला लावावे. चौकट आधी आणि गादी मागाहून, असे केल्याने फटी राहतात. एकेरी पलंगाच्या मापाचा, पट्ट्यांच्या तळाचा, गादीसह गुडघ्याइतका उंच पलंग सांगावा आणि पायांना खालून तुकडे जोडून पुढे उंची वाढवता येईल अशी सोय मागावी. कडा गोल करून घ्याव्यात. कठडे स्क्रूंवर बसवलेले, काढता येण्याजोगे असावेत, खिळ्यांवर नव्हेत. डोक्याकडे नक्षी हवी असेल, तर ती फळीवर कोरलेली असावी, आरपार जाळीची नको.

मेस्त लोक पलंग सवयीने दीड फुटाचा करतात आणि बुटका सांगितला की शोभत नाही म्हणतात. तेव्हा घरातले मूल कामाच्या जागी नेऊन उभे करावे आणि त्याच्या गुडघ्यावर पेन्सिलने खूण करून दाखवावी. पलंग घरी आल्यावर पहिल्या पावसानंतर लाकूड फुगते आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा आकसते. त्या दोन्ही वेळी सर्व स्क्रू आवळून घ्यावेत आणि कठडा दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहावा.